दुर्बीण तर घेतली, आता रोखायची कुठे? मावल्याच्या आकाशातून शोधक साधनांची ओळख

आदिलाबाद शहराच्या दक्षिणेला, राष्ट्रीय महामार्ग ४४ ला लागून असलेल्या मावल्यात पावसाळा सरला की आकाश दोन परींचे दिसते. उत्तरेच्या क्षितिजावर शहराच्या दिव्यांची झाक पसरलेली असते आणि त्या बाजूचे फिकट तारे तिच्यात बुडून जातात. दक्षिणेकडचा अंधार मात्र बऱ्यापैकी शाबूत आहे. आकाशाची आवड असलेल्याला अशा गावी राहण्याचा हेवा वाटावा. तरीही हौसेने घेतलेली दुर्बीण पहिल्या महिन्यात चंद्र, गुरू आणि शनीची कडी दाखवते आणि पुढे कपाटावर जाऊन बसते, असे अनेक घरांत व शाळांत घडते. दोष बहुधा आरशाचा किंवा भिंगाचा नसतो. चंद्र-गुरूपलीकडचे काही सापडतच नाही, ही खरी अडचण असते.

याचे कारण साध्या गणितात आहे. हौशी निरीक्षकांच्या पसंतीची ८ इंची परावर्ती दुर्बीण घेतली, तर तिचे नाभीय अंतर सहसा १२०० मिलिमीटर असते. तिला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास ४८ पट वर्धन मिळते आणि आकाशाचा जेमतेम एक अंश रुंदीचा गोल तुकडा दिसतो. चंद्रबिंबाची रुंदी अर्धा अंश असते, म्हणजे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढीच ती खिडकी. क्षितिजावर दिसणारे अर्धे आकाश अशा खिडक्यांनी झाकायचे म्हटले तर सुमारे २६ हजार खिडक्या लागतात. त्यांपैकी एकीत हवा तो तारकागुच्छ असतो. अंदाजाने नळी फिरवून तो सापडण्याची शक्यता किती, हे वेगळे सांगायला नको. सहा पट वर्धनाच्या छोट्या शोधक दुर्बिणीत मात्र सुमारे ७ अंश दिसतात आणि तेच अर्धे आकाश पाचशेच्या आसपास तुकड्यांत आटोपते. शोधक साधनाचे सारे मोल या दोन आकड्यांतील फरकात आहे.

अर्थात, कोणत्याही साधनाच्या आधी डोळ्याला आकृत्या ओळखता याव्या लागतात. या प्रदेशात ती परंपरा जुनी आहे. तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी शेजारच्या विदर्भातील गोंड वस्त्यांमध्ये फिरून तेथील आकाशविषयक समजुती नोंदवल्या आहेत. त्यांत मृगातील तारे नांगराच्या रूपात येतात, तर सप्तर्षीच्या चौकटीची खाट होते आणि शेपटीचे तीन तारे तिच्या मागावरचे चोर ठरतात. मराठी खेड्यांतही सप्तर्षीला बाज किंवा बाजले म्हणणारे म्हातारे अजून भेटतात. खाट कुठली आणि चोर कुठले हे ज्याला गच्चीवरून बोटाने दाखवता येते, त्याने दुर्बीण रोखण्याचे निम्मे काम उरकलेले असते. पुढे वर्णिलेली साधने उरलेल्या निम्म्यासाठी आहेत.

भिंगाचा शोधक

दुर्बिणीच्या नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण हे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भरवशाचे साधन. तिच्यावर ६×३०, ८×५०, ९×५० असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा. या दोहोंत दुसरा अधिक महत्त्वाचा. ५० मिलिमीटरचे भिंग ३० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा पावणेतीन पट प्रकाश गोळा करते, त्यामुळे डोळ्याला न दिसणारे मार्गदर्शक तारे त्यात दिसू लागतात. आदिलाबाद शहराच्या आत राहणाऱ्याला, जिथे डोळ्याला मोजकेच तारे दिसतात, हा फरक फार जाणवतो. स्वस्त दुर्बिणींबरोबर येणारा ५×२४ चा प्लॅस्टिकचा शोधक मात्र केवळ नावाचा असतो. त्यातील काहींत भिंगामागे बारीक भोकाची चकती बसवून सदोष प्रतिमा लपवलेली असते आणि उरलासुरला प्रकाशही अडतो. तो काढून टाकणे हीच त्याची उत्तम दुरुस्ती.

खरी गोंधळाची जागा प्रतिमेच्या दिशेत आहे. सरळ नळीच्या शोधकात आकाश उलटे दिसते, वरचे खाली आणि डावे उजवीकडे. परावर्ती दुर्बिणीतही ते तसेच दिसते. येथे उपाय सोपा आहे, नकाशाचा कागद उलटा धरावा. अपवर्ती दुर्बिणीला नव्वद अंशांचा आरसा लावलेला असतो, तिच्यात वर-खाली ठीक राहते पण डावे-उजवे पालटते. असे आरशातले चित्र कागद कितीही फिरवला तरी नकाशाशी जुळत नाही. नवशिक्या तासभर झुंजतो आणि नकाशाच चुकीचा असे ठरवून मोकळा होतो. म्हणून नव्याने शोधक घेणाऱ्याने काटकोनी आणि सुलट प्रतिमा देणारा शोधक मागावा. त्यात प्रिझम असते, किंमत थोडी अधिक पडते, पण नकाशा आणि दृश्य तंतोतंत जुळतात. शिवाय माथ्यावरचे काही पाहताना मान मोडून नळीखाली बसावे लागत नाही.

सरळ शोधकाचीही एक बाजू मांडायला हवी. त्यातून पाहताना दोन्ही डोळे उघडे ठेवले तर एका डोळ्यातला तारा आणि दुसऱ्या डोळ्यातली फुली एकमेकांवर येतात आणि दुर्बीण क्षणात त्या ताऱ्यावर जाते. काटकोनी शोधकात निरीक्षक खाली पाहत असतो, त्यामुळे पहिला तेजस्वी तारा पकडण्यातच वेळ जातो. ही उणीव पुढचे साधन भरून काढते.

लाल ठिपका आणि वलये

रेड डॉट फाइंडर हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. यात वर्धन नाही. तिरप्या काचेवर एका बारीक दिव्याचा लाल ठिपका उमटतो आणि काचेतून पाहिले की तो आकाशातच टेकवल्यासारखा भासतो. ठिपका ताऱ्यावर आणला की झाले. चष्मा असणाऱ्यांना आणि लहान मुलांना हे सर्वांत सोपे जाते. याच तत्त्वावरचे टेलरॅड हे साधन अमेरिकी हौशी निरीक्षक स्टीव्ह कुफेल्ड यांनी घडवले. त्यात ठिपक्याऐवजी अर्धा, दोन आणि चार अंश व्यासाची तीन लाल वलये दिसतात. अंतर मोजण्याची पट्टीच आकाशावर ठेवल्यासारखा तिचा उपयोग होतो. अमुक ताऱ्यापासून दोन अंश पूर्वेला, असे नकाशा सांगत असेल तर तारा मधल्या वलयाच्या मध्यावर घ्यायचा, त्या वलयाच्या कडेपर्यंत एक अंश आणि बाहेरच्या वलयाच्या कडेपर्यंत दोन. टेलरॅड लांबरुंद असते, चार इंची दुर्बिणीच्या नळीवर ते बोजड होते. रायजेल क्विकफाइंडर हे त्याचे उभे, आटोपशीर भावंड, त्यात अर्ध्या आणि दोन अंशांची वलये असतात.

या साधनांची मर्यादा एकच, ती मोठी आहे. जे तारे डोळ्याला दिसतात त्यांच्याच आधाराने ती चालतात. हैदराबादच्या मध्यवस्तीत लाल ठिपका ठेवायला ताराच सापडत नाही, तेथे भिंगाचा शोधक हवा. मावल्याच्या दक्षिण आकाशात ठिपका पुरतो, उत्तरेच्या झाकोळात कमी पडतो. आठ इंचांच्या दुर्बिणीवर दोन्ही बसवणे हा शहाणपणाचा खर्च आहे, ठिपक्याने परिसर गाठावा आणि ५० मिलिमीटरच्या शोधकाने नेमके ठिकाण. उलट, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आखूड दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की दोन अंशांच्या आसपास क्षेत्र दिसतेच, मग ती स्वतःच स्वतःची शोधक होते. अशा दुर्बिणीवर ठिपक्यापलीकडे काही विकत घेण्याची गरज नाही. विक्रेते सांगतात तेवढी तर मुळीच नाही.

आपल्या नेत्रिकेत नेमके किती अंश दिसतात हे कुणाला न विचारता मोजता येते. मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेचा तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. दुर्बीण स्थिर ठेवून तो क्षेत्राच्या मध्यातून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहावे आणि त्या संख्येला चारने भागावे. चार मिनिटे लागली तर क्षेत्र एक अंश.

जुळणी उजेडात करावी

शोधक आणि मुख्य दुर्बीण एकाच बिंदूकडे पाहत नसतील तर उत्तम शोधकही दिशाभूल करतो. ही जुळणी रात्री अंधारात चाचपडत करण्यापेक्षा सायंकाळी, सूर्य मावळल्यावर पण उजेड असताना करावी. मावल्यासारख्या ठिकाणी दूरचा विजेचा मनोरा, मोबाइलचा टॉवर किंवा तलावापलीकडच्या झाडाचा शेंडा निवडता येतो. कमी वर्धनाची नेत्रिका लावून तो शेंडा मुख्य दुर्बिणीच्या मध्यावर आणावा, नळी घट्ट करावी आणि मग शोधकाचे स्क्रू फिरवून तोच शेंडा फुलीवर किंवा ठिपक्याखाली आणावा. नंतर जास्त वर्धनाची नेत्रिका लावून हेच पुन्हा करावे.

खूण किमान अर्धा-एक किलोमीटर दूर हवी. शोधक मुख्य नळीच्या अक्षापासून साधारण १५ सेंटिमीटर बाजूला असतो. ५० मीटरवरच्या खांबावर जुळवले तर तेवढ्या अंतरामुळे ०.१७ अंशाची, म्हणजे चंद्राच्या एकतृतीयांश रुंदीची चूक उरते आणि जास्त वर्धनाच्या नेत्रिकेत तारा बाहेर राहतो. एक किलोमीटरवर ही चूक शंभरातल्या एका अंशापेक्षाही कमी होते. रात्री शेवटचा हात फिरवायला ध्रुवतारा योग्य. मावल्याहून तो जेमतेम २० अंश उंचीवर, शहराच्या झाकेतच असतो, पण दिसतो. आणि मुख्य म्हणजे तो हलत नाही म्हटले तरी चालेल, त्यामुळे स्क्रू फिरवेपर्यंत क्षेत्राबाहेर पळत नाही.

तीन शिकारी

या साऱ्याचा खरा कस लागतो तो प्रत्यक्ष शोधात. मावल्याचे अक्षांश सुमारे १९.६ अंश उत्तर. दिल्लीच्या निरीक्षकाला जे दक्षिणेकडे धुरकट क्षितिजाला टेकलेले दिसते, ते येथे चांगले वर येते. त्यातील सर्वांत मोठे धन म्हणजे नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ. टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणून केली होती, तो तारा नव्हे हे एडमंड हॅली यांनी १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून पाहिले. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा हा लाखो ताऱ्यांचा गोळा शोधायला एक सुरेख योगायोग मदतीला येतो, तो चित्रा नक्षत्राच्या तेजस्वी ताऱ्याच्या जवळजवळ थेट खाली आहे. एप्रिलच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमारास आणि मेच्या मध्यास रात्री दहा-सव्वादहाला चित्रा दक्षिणेस मध्यमंडलावर येते. त्या वेळी चित्रेपासून सरळ खाली ३६ अंश उतरायचे. हात पुढे ताणून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची असते, म्हणजे साडेतीन मुठींपेक्षा किंचित जास्त. तेथे क्षितिजापासून २३ अंशांवर एक धूसर तारा दिसेल. लाल ठिपका त्यावर ठेवावा. ६×३० च्या शोधकातही तो ताऱ्यासारखा टोकदार न दिसता कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो, मग शंकाच उरत नाही. हैदराबादहून तो २५ अंशांवर येतो, म्हणजे आणखी थोडा वर.

देवयानी दीर्घिकेची वाट वेगळी, ती पायऱ्यापायऱ्यांची. महाश्वाच्या मोठ्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यावरच्या ताऱ्यापासून देवयानीच्या रांगेत दुसरा तारा मोजायचा, तेथून काटकोनात शर्मिष्ठेच्या दिशेने वळून दोन फिकट तारे ओलांडायचे. दुसऱ्याच्या शेजारी लांबट धुक्याचा ठिपका असतो. नोव्हेंबरच्या मध्यास रात्री नऊ-साडेनऊला ही दीर्घिका उत्तरेकडे ६८ अंशांवर असते, म्हणून शहराची झाक तिला फारशी बाधत नाही. सरळ शोधकवाल्याच्या मानेला मात्र बाधते. २५ लाख प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका शोधकात मुख्य दुर्बिणीपेक्षा देखणी दिसते, कारण तिचा विस्तार दुर्बिणीच्या खिडकीत मावतच नाही.

तिसरे उदाहरण मुद्दाम अवघड घेतले आहे. अभिजित ताऱ्याच्या स्वरमंडलातील कंकणाकृती तेजोमेघ, मेसिए यादीतील ५७ वा. हा लहान शोधकात दिसतच नाही. शेलियाक आणि सुलाफात या दोन ताऱ्यांच्या दरम्यान, मध्यापासून किंचित शेलियाककडे ठिपका किंवा वलय ठेवायचे आणि विश्वासाने थेट नेत्रिकेत पाहायचे. पन्नास पट वर्धनात एखादा तारा किंचित फुगलेला वाटतो, शंभर पटीला त्याचे कडे होते. वस्तू दिसली पाहिजे असा शोधकाकडे हट्ट धरायचा नसतो, त्याने जागा दाखवली की पुरे.

अंशांची वर्तुळे

वेधशाळा कधीच ताऱ्यांवरून उड्या मारत गेल्या नाहीत. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये उभारलेल्या आणि पुढे निजाम सरकारकडे आलेल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने आकाशाच्या छायाचित्रणाच्या जागतिक प्रकल्पात भाग घेऊन साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने नोंदवली. असे काम अक्षांवर कोरलेल्या अंशांच्या वर्तुळांशिवाय आणि घड्याळाशिवाय होत नाही. हौशी माणसाला आज तेच जवळजवळ फुकटात करता येते, हे फारसे कुणी सांगत नाही.

डॉब्सोनियन पद्धतीच्या लाकडी बैठकीला एक उभे आणि एक आडवे असे दोनच फिरणे असतात. बैठकीच्या तळाला ५० सेंटिमीटर व्यासाचे ३६० अंशांचे वर्तुळ छापून चिकटवावे. गावातला फ्लेक्स छापणारा ते सहज करून देतो. त्यावर एक अंश जवळपास ४.४ मिलिमीटरचा येतो, म्हणजे अर्धा अंशही डोळ्याने वाचता येतो. नळीवर फॅब्रिकेशनवाले वापरतात तो लोहचुंबकाचा डिजिटल कोनमापक ठेवावा, तो उंची दाखवतो. बैठक पाणसळीने समतल करावी, एखाद्या ओळखीच्या ताऱ्यावर वर्तुळाचे वाचन जुळवून घ्यावे आणि मोबाइलवरील नकाशाने सांगितलेली दिशा व उंची गाठावी. एक पथ्य पाळावे. पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेल्या वस्तूची उंची मावल्याच्या अक्षांशावर तासाला १४ अंशांनी, म्हणजे चार मिनिटांत जवळपास एक अंशाने बदलते. पाच मिनिटांपूर्वी टिपलेला आकडा शिळा असतो. ज्या शाळेत दुर्बीण आहे पण महागडी उपकरणे घ्यायला पैसा नाही, तिच्यासाठी याहून चांगला उपाय नाही. त्यातून मुलांचा कोनांचा धडाही होतो.

मोबाइल आणि मोटर

मोबाइल नळीला बांधून केवळ त्याच्या होकायंत्रावर विसंबणे फसवे ठरते, जवळच्या लोखंडाने ते काही अंश बहकते. सेलेस्ट्रॉन कंपनीच्या स्टारसेन्स एक्सप्लोररची रीत निराळी आहे. त्यात मोबाइलचा कॅमेरा छोट्या आरशातून आकाशाचे छायाचित्र घेतो, ताऱ्यांच्या मांडणीवरून नळी कुठे रोखली आहे हे ओळखतो आणि बाणांनी दिशा दाखवतो. आपला मोबाइल त्याला चालतो का, हे मात्र आधी पाहून घ्यावे.

मोटरने आपोआप वळणारी गोटू बैठकही सुरुवातीला एक-दोन तारे ओळखून दाखवल्याशिवाय काही शोधत नाही, आणि ते तारे पकडायला लाल ठिपका लागतोच. ती चुकीच्या जागी वळत असेल तर दुरुस्तीला पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. कालक्षेत्र साडेपाच तास पुढे आहे का, उन्हाळी वेळेचा पर्याय बंद आहे का, आणि तारीख महिना आधी व दिवस नंतर अशा अमेरिकी पद्धतीने तर मागितलेली नाही ना.

हिरव्या लेझरचा झोत नळीला समांतर बांधून तारे दाखवण्याची फॅशन आहे. महामार्गालगत आणि जेथून विमाने जातात अशा आकाशाखाली ती टाळलेलीच बरी. चालकाचे किंवा वैमानिकाचे डोळे दिपले तर परिणाम गंभीर होतात, आणि जमलेल्या मुलांच्या डोळ्यांवर हा किरण चुकूनही जाता कामा नये. त्याहून मोठा धोका दिवसा असतो. सूर्य पाहताना मुख्य नळीवर सौरगाळणी लावली जाते आणि शोधक उघडाच राहतो. त्यात डोकावणाऱ्या मुलाची दृष्टी क्षणात कायमची जाऊ शकते. सूर्यनिरीक्षणाच्या दिवशी भिंगाचा शोधक झाकून ठेवणे पुरेसे नाही, तो काढूनच ठेवावा. नळी सूर्याकडे वळवायला जमिनीवर पडलेली तिची सावली पुरते, सावली सर्वांत लहान झाली की नेम लागला.

डिसेंबर-जानेवारीत आदिलाबाद जिल्हा राज्यातील सर्वांत गारठलेल्या भागांपैकी एक असतो. तलावाजवळच्या मावल्यात त्या दिवसांत शोधकावर दव लवकर धरते, मुख्य आरशाआधी. पुढच्या भिंगावर काळ्या कागदाची वीतभर नळी गुंडाळली की तास-दोन तास सुटका होते. टेलरॅडच्या तिरप्या काचेवर अधूनमधून पुठ्ठा झाकावा, रुमालाने पुसू नये. थंडीत बटणासारखे सेलही लवकर दम टाकतात. ठिपका मंद दिसू लागला तर सेल दोन मिनिटे मुठीत धरून पाहावा, बहुतेक वेळा तो परत उजळतो. एक सेल खिशात जास्तीचा असावा, कारण मावल्यात काय किंवा आदिलाबादेत काय, रात्री अकराला तो विकत मिळत नाही.